जावयाचं घड्याळ

माझे हात आता कापतात. सकाळी फारसे नाही. दहा-अकरापर्यंत मी कोणत्याही घड्याळाचं मशीन खोलून परत बसवू शकतो. पण दुपार कलली की चिमट्याचं टोक आपल्या मर्जीनं हलायला लागतं, आणि केसाएवढा स्क्रू कुठं उडाला ते शोधण्यात अर्धा तास जातो. खाली वाकलं की गुडघे बोंब मारतात. म्हणून गेली दोन वर्षं मी दुकान दुपारीच बंद करतो. गिऱ्हाइकांना सांगतो, ऊन सोसत नाही. अमरावतीच्या उन्हाचा हा एक फायदा आहे, त्याच्यावर काहीही ढकललं तरी कोणी उलटतपासणी करत नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी ताईचा अकोल्याहून फोन आला. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचे यजमान, आमचे भाऊजी, जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती फोनवर कामापुरतंच बोलते.

"पोरगा आला पुन्याहून," ती म्हणाली. "त्याले त्याच्या बाबाचं घड्याळ खोलून पाह्यचं हाये. दुसऱ्या कोनाच्या हाती देत नाई म्हनते. मामाच खोलतीन म्हनते. तू ये."

"कशाले खोलाचं? चांगलं चालून राह्यलं नं ते."

"मले काय इचारतं? ये अन् त्यालेच सांग."

फोन ठेवला आणि मी तसाच बसून राहिलो. हा फोन कधी ना कधी येणार हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. पण इतक्या वर्षांत माझी भीतीसुद्धा म्हातारी झाली होती. नुसता थकवा आला.

ते घड्याळ कोणतं, ते आधी सांगितलं पाहिजे.

बापू, म्हणजे आमचे वडील, अंजनगाव सुर्जीजवळ भाजीपाला पिकवायचे. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात गोबी. माल परतवाड्याच्या बाजारात जायचा. ताईचं लग्न जमलं तेव्हा अकोल्याच्या पाहुण्यांनी बोलणीत फार काही मागितलं नाही. काळ्या जमिनीचं खाऊन-पिऊन सुखी घर, मुलगा ऑफिसात कारकून. फक्त मुलाची आई पानाला चुना लावता लावता म्हणाली, "जवाईले घड्याळ तं द्यालच. सोन्याचं द्या म्हनजे झालं." जावयाला घड्याळ द्यायची तेव्हा आमच्याकडे रीतच होती. सायकल, रेडिओ, अंगठी आणि घड्याळ. पण ते स्टीलचं, साधं. सोन्याचं घड्याळ म्हणजे जिनिंगवाल्यांच्या आणि बड्या वकिलांच्या हाताला दिसणारी वस्तू.

बापू हो म्हणून मोकळे झाले. परतवाड्यात सागवानाचा एक ठेकेदार होता, त्याच्या घरी आमची भाजी जायची. त्याच्या मनगटावर मुंबईहून आणलेलं एक पातळ सोनेरी घड्याळ असायचं. बापूंनी ते त्याच्याकडून विकत घेतलं. त्यासाठी घरातलं काय काय गेलं ते मला तेव्हा कळलं नाही. मी मॅट्रिकला नापास होण्यात गुंतलो होतो. एवढं आठवतं की बापूंनी लाल मखमलीची डबी देवापुढं ठेवली होती आणि आम्हा कोणालाही हात लावू दिला नव्हता. हात धुऊन फक्त पाहायचं.

ज्याला आता पुण्या-मुंबईचे शौकीन ड्रेस वॉच म्हणतात, तसलं ते होतं. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवावीत इतकंच जाड. तबकडी दुधाच्या रंगाची, अंकांच्या जागी नुसत्या बारीक पट्ट्या, दोनच काटे. सेकंदकाटा नाही, तारीख नाही. पुढं ज्यांच्याकडे मी घड्याळाचं काम शिकलो त्या उस्तादांनी मला याचं कारण सांगितलं होतं. ही घड्याळं युरोपातल्या साहेब लोकांनी कोटाच्या बाहीखाली बेमालूम सरकावीत म्हणून इतकी पातळ केली. मेजवानीला बसलेल्या माणसानं सेकंद मोजणं म्हणजे यजमानाला आवरा म्हणण्यासारखं, म्हणून सेकंदकाटाच काढून टाकला. जितकं पातळ तितकं कारागिराचं नाव मोठं, कारण पातळ मशीन बनवायला नजर लागते. उस्ताद हे सगळं स्वतः त्या मेजवान्यांना जेवून आल्यासारखं सांगायचे. जन्म त्यांचा बडनेऱ्याचा.

आता वऱ्हाडात कोटाची बाही आणायची कुठून? पंचेचाळीस डिग्रीत माणूस बनियनसुद्धा नाइलाजानं घालतो. घामानं चामड्याचा पट्टा एका उन्हाळ्यात कुजतो. म्हणून आमच्याकडे या घड्याळांचा धर्मच बदलला. ती घालायची नसतात, ठेवायची असतात. भाऊजी ते फक्त लग्नात काढायचे. सफारी सूट, त्याखाली हे घड्याळ. त्यांच्या भावकीत मुहूर्त त्यांच्या घड्याळावर लागायचा. भटजी विचारायचे, "भाऊसाहेब, किती झाले?" मग भाऊजी बाही अशी काही सावकाश वर सारायचे की वाजंत्रीवालेसुद्धा थांबून पाहायचे. ते घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागं पडायचं. त्या घरातली किती लग्नं चार मिनिटं उशिरा लागली, याचा हिशेब देवाकडे असेल. घरी आलं की मलमलच्या फडक्यानं पुसून परत डबीत. ताईची सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माह्या लेकाले सासऱ्यानं सोन्याचं घड्याळ देल्लं." त्या घरात ताईचा पाट जरा वर होता, तो या एका वाक्यामुळे.

मॅट्रिक काही सुटली नाही, म्हणून मी अमरावतीला उस्तादांच्या हाताखाली बसलो आणि यथावकाश स्वतःचं टेबल टाकलं. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा भाऊजींनी घड्याळ पहिल्यांदा माझ्याकडे आणलं. तेल घालून दे म्हणाले. ते बाहेर चहाला गेले आणि मी मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला फ्रेंचमध्ये एक शब्द ठोकलेला होता. उस्तादांनी फ्रेंचमधले जे चार शब्द मला शिकवले होते त्यांतला तो एक. अर्थ असा, की आत पितळ आणि वर सोन्याचा पत्रा.

मी डोळ्यावरचा आयग्लास काढला, पुसला, परत लावला. शब्द तोच होता.

मग पट्टा सोडवला, आणि त्याहून वाईट गोष्ट दिसली. पट्टा जिथं अडकतो त्या कोपऱ्याच्या खालच्या अंगाला कानशीनं मारलेली एक बारीक खाच होती, तांदळाच्या कणीएवढी. खाचेच्या तळाशी पितळ पिवळं चमकत होतं. ही खाच काय असते ते सराफ्यात चार दिवस बसलेला कोणीही सांगेल. सोनं आतपर्यंत सोनं आहे की नाही ते पाहायला सराफ अशी खाच मारतो आणि मग कसोटीवर घासतो. म्हणजे त्या घरातल्या कोणीतरी हे घड्याळ पारखून घेतलं होतं. कोणाला तरी ठाऊक होतं.

कोणाला? भाऊजींना? की सासूबाईंना? भाऊजी चहा पिऊन आले, मी घड्याळ दिलं, त्यांनी मलमलमध्ये गुंडाळलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मीही काही बोललो नाही. त्या दिवसापासून मी वाट पाहत राहिलो, की कधीतरी भांडणात, कधीतरी सहज, त्या घरातून कोणीतरी ताईच्या तोंडावर म्हणेल, तुझ्या बापानं आम्हाला पितळ दिलं. दिवाळीला ताई माहेरी आली की मी आधी तिचं तोंड पाहायचो. तिच्या तोंडावरून काही कळायचं नाही. ती मला म्हणायची, "काहून असा पाहून राह्यला? मले काय शिंगं आले?"

आणि बापूंशी माझं जे बिनसलं ते तेव्हापासून. मी त्यांना विचारलं नाही, भांडलोही नाही. मला वाटायचं, या माणसानं जाणूनबुजून खोटं घड्याळ देऊन पोरगी खपवली. बापूंना मी सांगितलं होतं, की जावयाचं घड्याळ खोललं होतं. त्यावर ते एकदम म्हणाले, "काहून खोललं? नीट चालून राह्यलं नं ते?" एवढं मला पुरलं. पुढं ते अमरावतीला आले की दुकानात येऊन बसायचे, पिशवीतून भेंड्या काढून द्यायचे आणि जाता जाता हमखास विचारायचे, जवाईचं घड्याळ बरं हाये नं? प्रत्येक वेळी मला तो प्रश्न चोराचा वाटला. मी मान वर न करता हो म्हणायचो. भेंड्या बायको घरी न्यायची. मी त्या भाजीला हात लावत नसे, आणि का लावत नाही ते तिलाही कधी सांगितलं नाही.

भाऊजी दर तीन-चार वर्षांनी घड्याळ माझ्याकडे आणायचे. ताईनं त्यांना ठणकावून सांगितलं होतं, माझ्या भावाशिवाय कोणाच्या हाती द्यायचं नाही. मला वाटायचं, भावाचा केवढा अभिमान! आमच्या धंद्यात घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत सुईनं आपली खूण आणि महिना-साल कोरतात. तशा माझ्या खुणा एकाखाली एक वाढत गेल्या.

मधल्या काळात जग बदललं. सेलची घड्याळं आली, स्वस्त आणि न चुकणारी. चावीची घड्याळं लोकांच्या मनातून उतरली. सोन्याचा भाव चढला तसा ज्यांच्याकडे खरोखर सोन्याची घड्याळं होती त्यांनी ती सराफाकडे नेऊन मोडली. केसचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, सोनं झालं, त्याची पोरीबाळींसाठी कानातली झाली, आणि उरलेलं मशीन लोक काडेपेटीत घालून माझ्याकडे आणायचे. "याचं काई होते काय?" काही होत नसे. अशा बिनअंगाच्या मशिनांनी माझा बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा भरला आहे. चावी दिली तर त्यातली अर्धीअधिक अजून चालतात. कशासाठी चालतात कोण जाणे.

आणि मग गेल्या पंधरा-वीस वर्षांत शौकीन आले. पुण्याहून, मुंबईहून, एक तर बेंगळुरूहून. माझा तो डबा पाहून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांच्याकडून मला कळलं, की आम्ही जन्मभर ज्याला चांगलं काम समजत होतो ते सगळं वाईट होतं. तबकडीवर डाग पडले की आम्ही ती नव्यानं रंगवून द्यायचो. ती डागांसकटच हवी असते. केसवर ओरखडे आले की पॉलिश मारायचो. कोपरे घासले गेले की घड्याळाची इज्जत जाते. सोन्याचं पाणी चढवलेलं तर ते हातातही धरत नाहीत. आपल्याकडे माणसाच्या तोंडावर एवढासा डाग असला तर लग्नं मोडतात, आणि हे लोक डागाला भिंग लावून मिटक्या मारतात. पण मी शिकलो. गिऱ्हाइकांना सांगायला लागलो, बाबांनो, घासू नका, रंगवू नका, आहे तसं ठेवा.

हे मी लोकांना सांगत होतो, आणि त्याच दिवसांत मी ते पाप स्वतः केलं. भाऊजी निवृत्त झाले त्या वर्षी घड्याळ आलं तेव्हा कोपऱ्यांवरचा पत्रा झिजून पितळ उघडं पडायला आलं होतं. अजून एक-दोन लग्नं, की कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसलं असतं. मी भाऊजींना म्हणालो, आठ दिवस राहू द्या, नीट साफ करतो. मग ती खाच डागून बुजवली, घासून सपाट केली, आणि सराफ्यातल्या मुलाम्यावाल्याच्या शेजारी बसून सगळ्या केसवर सोन्याचं पाणी चढवून घेतलं. मला वाटलं, आता बाहेरून पुरावाच राहिला नाही. घड्याळ नवरदेवासारखं दिसत होतं. भाऊजी खूश झाले. "वा! तुया हातात जादू हाये," म्हणाले.

त्या रात्री मला चांगली झोप लागली होती, हे कबूल करायला हवं.

तर ही सगळी शिदोरी घेऊन मी त्या सकाळी अकोल्याच्या बसमध्ये बसलो. पिशवीत चिमटे, स्क्रूड्रायव्हर, आयग्लास. खिडकीतून गरम वारा येत होता आणि खिडकी लावली तर घुसमटायला होत होतं. मूर्तिजापूरला उतरून पाणी प्यावंसं वाटलं, पण उतरायचा कंटाळा आला. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. भाच्याला सांगायचं, की हात कापतात, आता एवढं नाजूक काम जमत नाही. आयुष्यात पहिल्यांदा या कापऱ्या हातांचा उपयोग होणार होता.

भाचा पंचेचाळिशीचा आहे, पण मामाला पाहिलं की अजून पाया पडायला पळत येतो. गेल्या दोन-तीन वर्षांत त्याला घड्याळांचा नाद लागला आहे. वडील गेले आणि हा नाद लागला, तेव्हा त्यात काय आहे ते मला समजतं. जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरून त्यानं मध्ये ती लाल डबी ठेवली होती.

"मामा, आमच्या ग्रुपमध्ये मी सांगितलंय," तो म्हणाला, "की माझ्या भाजी विकणाऱ्या आजोबांनी जावयाला सॉलिड गोल्ड ड्रेस वॉच दिलं होतं. लोक चाट पडले. आता झाकणाच्या आतले छाप दिसतील असा फोटो हवाय. सोन्याचा शिक्का, तुमच्या खुणा, सगळं."

"माहे हात कापतात रे आता," मी म्हणालो. "झाकण सरकलं तर ओरखडा पडन."

"मग तुम्ही सांगा, मी उघडतो. हत्यार आणलंय मी."

माझं पाठ केलेलं भाषण तिथंच संपलं. मी ताईकडे पाहिलं. ती दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. ती मुलाला म्हणाली, "पयले जा, मामासाठी उसाचा रस घेऊन ये. बर्फ कमी टाकाले सांग. उन्हातानातून आला तो."

तो पिशवी आणि स्टीलचा डबा घेऊन गेला. जिन्यावरचा पावलांचा आवाज जाईपर्यंत ताई बोलली नाही. मग माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली, डबी उघडली, घड्याळ उलटं करून हातात घेतलं आणि पट्ट्याच्या कोपऱ्याखाली अंगठा फिरवला. कोणता कोपरा ते तिला पाहावं लागलं नाही.

"इथची खाच तू बुजवली नं?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "तुले कशी माईत खाच?"

"मीच मारून आनली होती."

मग तिनं सांगितलं, भाजी निवडत बोलावं तसं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी भाऊजींना टायफॉइड झाला. महिनाभर अंथरूण. घरातल्या किल्ल्या सासूच्या कमरेला, आणि सासू म्हणायची, ताप काय सगळ्यांना येतो, जाईल आपोआप. डॉक्टरानं लिहून दिलेली औषधं आणायला ताईनं ते घड्याळ कोणाला न सांगता सराफाकडे नेलं. सराफानं खाच मारली, दगडावर घासलं आणि म्हणाला, बाई, आतून पितळ हाये.

"मंग?"

"मंग काय? माह्या पाटल्या मोडल्या. सासूले सांगतलं, मायेरी ठेवल्या. जन्मभर बोल लावले तिनं, तुया बापानं पाटल्या वापस नेल्या म्हनून. अन् घड्याळाचं कौतुक करे." ताई हसली. "खरं सोनं होतं त्याच्यावर शंका, अन् पितळाची आरती."

मी विचारलं, भाऊजींना माहीत होतं का. ती म्हणाली, नाही. त्यांना कळू नये म्हणूनच ते दुसऱ्या कोणाकडे जाऊ दिलं नाही. भावाला कळलं तर कळलं, भाऊ घरचाच.

"तुले कळलं का नाई, हे मले माईत नव्हतं," ती म्हणाली. "पन त्या वर्षी ते साफ होऊन आलं, अन् म्या अंगठा फिरवला तं खाचच नाई. तवाच समजली मी. म्हनलं, यालेबी माईत हाये."

"मंग बोलली काहून नाई?"

"तू बोल्ला काय?"

पंधरा वर्षं तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. आणि मी दर दिवाळीला तिचं तोंड न्याहाळत होतो. मला राग यायला हवा होता. तेवढा जीव अंगात नव्हता.

"आता त्याले सांगून टाकू," ताई म्हणाली. "मले आता याची राखन होत नाई."

"मलेबी," मी म्हणालो.

भाचा रस घेऊन आला तेव्हा तिनंच त्याला सांगितलं. उभ्या उभ्या, आडपडदा न ठेवता. हे सोन्याचं नाही, पितळावर पत्रा आहे, वरून मामानं पाणी चढवलं आहे, आणि तुझ्या बाबांना हे कधी कळलं नाही. तो आधी हसला, मग माझ्याकडे पाहिलं, मग हसायचा थांबला. खाली बसून त्यानं स्वतः झाकण उघडलं. हात त्याचा स्थिर आहे. आतला तो फ्रेंच शब्द त्यानं वाचला. मग माझ्या खुणा बोटानं मोजल्या. अकरा.

"अकरा वेळा पाहिलंत तुम्ही हे, मामा," तो म्हणाला.

मी रस पीत होतो. तो गोड लागत नव्हता.

बराच वेळ तो झाकण उजेडात धरून बसला. तबकडीला कोणी हात लावलेला नाही म्हणाला, मशीन फार सुंदर आहे म्हणाला. पाणी चढवलं नसतं आणि ती खाच तशीच असती, तर सोन्याचा नुसता पत्रा असूनही शौकिनांनी मागं लागून मागितलं असतं, हेही म्हणाला. पण मला टोचायला नव्हे. आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो मी चाळीस वर्षांत बापूंना विचारला नव्हता.

"आजोबांना माहीत होतं? देताना?"

"नाई," ताई म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

दोन्ही शब्द एकाच वेळी निघाले. ताईनं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की मी लहानपणी तिचा मार खायचो ते आठवलं.

"काय म्हनलं तू?"

"ताई, ठेकेदार बापूचा रोजचा गिऱ्हाईक. इतके वर्षं..."

"तू बापूबद्दल असं धरून बसला होता? इतके वर्षं?" तिचा आवाज चढला नाही, खाली गेला. "पयल्या दिवाळीले बापू इथं आले होते. ह्याच्या बाबाले बाजूले घेऊन काय म्हने माईत हाये? मी दाराआड उभी होती. म्हने, जवाईबापू, कधी अडलं-नडलं तं हे घड्याळ मोडा. लाजू नोका. सोनं अडीअडचनीसाठीच असते. म्हनूनच तं गेली नं मी सराफाकडे! ज्याले पितळ माईत हाये, तो असं म्हनन काय?"

भाच्यानं झाकण बसवलं, दाबलं, चावी दिली आणि घड्याळ मनगटाला बांधलं. ताई म्हणाली, ते लग्नातच घालायचं असतं. तो म्हणाला, मी आता रोज घालणार.

संध्याकाळच्या बसनं मी परत निघालो. ताईनं रहा म्हटलं होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी एकच काम करत होतो. चलाख माणूस मुद्दामच असं बोलेल, मोडा म्हणेल म्हणजे कोणी मोडणार नाही, असं स्वतःला पटवून पाहत होतो. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट एका वाक्यानं हातातून जाऊ नये असं वाटत होतं. पण बापूंना चलाख ठरवायला जी ताकद लागते ती माझ्यात उरली नाही. ते साधे होते. सांभाराची जुडी बांधतानासुद्धा दोन काड्या जास्त घालायचे. ठेकेदारानं त्यांना फसवलं, आणि ज्याच्याकडे त्यांनी हक्कानं पाहिलं त्या पोरानं त्यांना एका शब्दानंही न विचारता चोर ठरवलं.

बापू शेवटचे आजारी होते तेव्हा अमरावतीच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसायचो. बसायचो म्हणजे काय, खुर्चीत असायचो. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि तेच विचारलं, जवाईचं घड्याळ बरं चाललं नं? मी म्हणालो, "सोन्याचं हाये म्हनता नं तुमी? मंग कशाले काळजी करता?"

मी टोमणा मारला होता. त्यांना तो कळला नाही. "हो," ते म्हणाले, "त्याइच्या अडीअडचनीले कामी येईन." आणि समाधानानं डोळे मिटून घेतले.

मी तेव्हा तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, की मरतानासुद्धा हा माणूस नाटक करतो म्हणून.